ओपन सोर्सचा वक्फ आणि आपली गैरहजेरी

डिसेंबर २०२५ च्या पहिल्या आठवड्यात माझा फोन थांबत नव्हता. वक्फ दुरुस्ती कायदा आला, जूनमध्ये 'उम्मीद' पोर्टल सुरू झालं, नोंदणीला सहा महिने मिळाले आणि त्यातले साडेपाच महिने आपण नेहमीप्रमाणे भाषणांत घालवले. शेवटच्या दिवसांत मुतवल्ली मंडळी प्लास्टिकच्या पिशव्यांत कागद घेऊन सायबर कॅफेच्या रांगेत उभी होती. "बेटा, तुम कंप्यूटरवाले हो ना? जरा आके देखो." मी गेलो.

कायद्याबद्दल माझी मतं आहेत, ती पुन्हा कधीतरी. आज मला त्या पिशव्यांबद्दल बोलायचंय. एका छोट्या ट्रस्टचे सेक्रेटरी, निवृत्त शिक्षक, मला म्हणाले की आमचे सगळे कागद आम्ही आमच्या वेबसाइटवर तीन वर्षांपूर्वीच चढवून ठेवलेत. मला बरं वाटलं. फोनवर साइट उघडली तर समोर जपानी लिपीत बुटांची जाहिरात. सर चष्मा सावरत विचारत होते, "हे आपलंच आहे का?"

साइट वर्डप्रेसवर होती. ज्या मुलाने ती बनवली त्याने विकत मिळणारी थीम चोरीच्या ठिकाणाहून उतरवली होती. धंद्यात अशा मालाला 'नल्ड' म्हणतात. असा माल फुकट वाटणारा माणूस बहुतेक वेळा आत स्वतःसाठी एक मागचं दार ठेवतो. तीन वर्षांत एकही अपडेट नाही, बॅकअप नाही. सनदांचे स्कॅन गेले ते गेलेच. ट्रस्टचं फेसबुक पेज मात्र ठणठणीत होतं. त्यावर हार, शाली आणि पाहुण्यांचे फोटो शेकड्याने होते, एकही कागद नव्हता.

तो मुलगा माझ्या ओळखीचा आहे. हुशार आहे, इंजिनिअर आहे, आज परदेशी क्लायंटच्या वर्डप्रेस साइट बनवून घर चालवतो. मी त्याला विचारलं, असं का केलंस? "भाई, वो तो फ्री का है ना." त्याला खरंच कळलं नाही की मी चिडलो का आहे.

मला त्या एका मुलाशी भांडायचं नाही. आपल्या शहरात, म्हणजे कागदावर छत्रपती संभाजीनगर आणि घरात औरंगाबाद, किराडपुऱ्यापासून टीव्ही सेंटरपर्यंत अशी किती मुलं-मुली वर्डप्रेसवर पोट भरतात हे मी रोज पाहतो. आणि त्यातलं जवळजवळ कुणीच या सॉफ्टवेअरला आजवर एक ओळसुद्धा परत दिलेली नाही. माझा राग त्यावर आहे. पाच वर्षांपूर्वीपर्यंत मीही त्यांच्यातलाच होतो, तेव्हा हा राग थोडा स्वतःवरही आहे.

वर्डप्रेस हे मजकूर सांभाळणारं दफ्तर आहे. लेख, फोटो, कागद, तारखा त्यात नीट लावून ठेवायच्या, कुणाला काय दिसावं ते ठरवायचं. २००३ साली मॅट मुलेनवेग आणि माइक लिटल या दोघांनी ते सुरू केलं, तेही 'बी२' नावाच्या एका बंद पडत आलेल्या मोकळ्या सॉफ्टवेअरवरून. दुसऱ्याने मागे ठेवलेलं उचलून पुढे नेलं. आज जगातल्या दर दहा वेबसाइटपैकी चार त्यावर चालतात. हे शक्य झालं त्याच्या परवान्यामुळे. 'जीपीएल' असं त्याचं नाव, रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८९ मध्ये तो पहिल्यांदा लिहिला. त्याचा अर्थ थोडक्यात असा: वापरा, आत उघडून पाहा, बदला, वाटा, त्यावर कमवासुद्धा. पण बदललेलं दुसऱ्याला द्याल तेव्हा त्यालाही हेच सगळे हक्क द्यावे लागतील. एकदा मोकळं केलेलं पुन्हा कोंडून घेता येत नाही.

आता सांगा, ही कल्पना आपल्याला परकी आहे का? आपल्या घरातल्या लहान मुलालाही माहीत आहे की वक्फ केलेली जमीन विकता येत नाही, बक्षीस देता येत नाही, वारसांत वाटता येत नाही. तिचा फायदा लोकांना, आणि मुतवल्ली हा राखणदार, मालक नव्हे. फिक्हवाले म्हणतील की कॉपीराइट तर मूळ लेखकाकडेच राहतो, ही तुलना टिकत नाही. मान्य. पण पाणचक्कीचं पाणी पिणाऱ्याला जे कळतं ते या मुलाला सॉफ्टवेअरच्या बाबतीत कळू नये, एवढी ती दूरची नाही. पाणचक्कीत, जिथे राज्याच्या वक्फ बोर्डाचं कार्यालय आहे त्याच आवारात, डोंगरातून मातीच्या नळांनी आणलेलं पाणी शेकडो वर्षं दळण दळून देत होतं. 'फ्री का है' म्हणून कुणी नळ फोडून नेला असता तर आपण काय म्हटलं असतं?

आपण मात्र नळ फोडतोही आणि वर ओरडतोही की पाणी येत नाही. मराठीतून काही नीट दिसत नाही, उर्दू उलटंपालटं येतं, आपल्यासाठी कुणी काही करत नाही. 'कुणी' म्हणजे कोण? या सॉफ्टवेअरला मराठी शिकवणारं कुठलंही मंत्रालय नाही. वर्डप्रेसचं भाषांतर एका मोकळ्या जागी चालतं. तुमचं खातं असलं की एका बाजूला इंग्रजी वाक्य दिसतं, दुसऱ्या बाजूला रिकामी चौकट. तुम्ही मराठी सुचवायचं, त्या भाषेचा संपादक तपासून मंजूर करतो, मग ते महाराष्ट्रभरच्या पडद्यांवर जातं. संपादकही असेच हजर राहून संपादक झालेले असतात. आडनाव, पत्ता, पदवी विचारायची तिथे चौकटच नाही.

गैरहजर राहिलं की काय होतं याचा एक नमुना सांगतो. वर्डप्रेसमध्ये लेखाचा पत्ता त्याच्या शीर्षकावरून तयार होतो आणि त्याला २०० चिन्हांची मर्यादा घातलेली. इंग्रजीत २०० म्हणजे चांगलं दोन-तीन ओळींचं वाक्य. पण देवनागरीचं एकेक चिन्ह पत्त्यात लिहिताना नऊ चिन्हांचं होतं. मग मराठीच्या वाट्याला उरतात बावीस, त्यातही काना-मात्रा-वेलांटी प्रत्येकी वेगळी मोजली जाते. मी काम शिकत होतो तेव्हा माझ्या प्रत्येक मराठी लेखाचा पत्ता मध्येच तुटायचा आणि मला वाटायचं माझंच काही चुकतंय. उर्दूचंही तसंच, फक्त चिन्हामागे सहा. यात कुणाचाही दुष्टपणा नव्हता. ज्या दिवशी तो आकडा लिहिला गेला त्या दिवशी त्या खोलीत आपली लिपी लिहिणारं कुणी नव्हतं, इतकंच.

याउलट हजर असलेल्यांची खूण पडद्यावर राहते. मराठीत ड्राफ्ट म्हणजे 'मसुदा'. तो अरबी 'मुसव्वदा'तून आला. 'मजकूर' अरबी. 'रद्द करा'मधला रद्द अरबी. बदल, तारीख, मंजूर, हरकत, सगळी त्याच वाटेने येऊन मराठीत इतकी मुरलेली की कुणाला वेगळी जाणवत नाहीत. जूमला या दुसऱ्या सॉफ्टवेअरचं तर नावच 'जुमला', सगळे मिळून या अर्थाच्या स्वाहिली शब्दावरून ठेवलेलं, आणि स्वाहिलीत तो अरबीतून गेलेला. आपल्याकडे हाच शब्द शिवाजी महाराजांच्या फौजेत 'जुमलेदार' म्हणून होता. (आजच्या राजकारणात त्याचं काय झालं ते सोडा.) मराठी आमची कशी, हे सिद्ध करण्यात आपल्या वक्त्यांचा निम्मा वेळ जातो. शेख महंमद श्रीगोंदेकरांचं नाव घेतल्याशिवाय आपलं एकही व्याख्यान संपत नाही. त्यांनी मराठीत 'योगसंग्राम' लिहिला, म्हणजे काम केलं. आपण त्यांचं नाव घेतो.

आणि भाषा हजर नसलेल्याची वाट पाहत नाही. 'अपडेट'ला काय म्हणायचं, 'अद्ययावत' की 'अद्यतन' की सरळ 'अपडेट', यावर भाषांतरकार तासन्‌तास बोलतात. मी अशा चर्चेत पहिल्यांदा बसलो तेव्हा 'कंटेंट'साठी 'सामग्री' लिहिलं जात होतं. मी म्हटलं, माझ्या आईला सामग्री म्हणजे स्वयंपाकाची वाटते, 'मजकूर' का नको? समोरचे कोल्हापूरकडचे एक गृहस्थ म्हणाले, बरोबर आहे, आमच्याकडे पण मजकूरच म्हणतात. वाद पाच मिनिटांत संपला. मी मात्र रात्रभर विचार करत होतो की हे बोलायला मी तीस वर्षांचा होईपर्यंत का थांबलो.

कारणं आपल्याकडे तयार असतात. सगळ्यात आधी, "क्या मिलता उसमें?" खोटं सांगत नाही, लगेच काही मिळत नाही. माझ्या एकाही भाषांतराने माझ्या पगारात रुपयाची भर घातलेली नाही. तुमच्या नावापुढे कामाची नोंद राहते आणि ती कुणीही पाहू शकतं, आमच्या धंद्यात तिला वजन आहे. पण त्यासाठीच करायचं असेल तर दुसरे सोपे मार्ग आहेत. माझा प्रश्न असा की 'सदका-ए-जारिया'वर जुम्म्याच्या खुतब्यात मान डोलावणारे आपण, बोअरवेल आणि पंखा यांच्यापुढे आपल्याला काही सुचतच नाही का?

दुसरं, "उनके बीच अपने को कौन पूछता?" हे मी हसण्यावारी नेणार नाही. पुण्यात नोकरी लागली तेव्हा आडनाव सांगितल्यावर 'खोली आत्ताच गेली' हे वाक्य मी किती वेळा ऐकलं ते माझं मला माहीत. त्यामुळे पहिल्यांदा वर्डकॅम्पला जाताना पोटात गोळा होता. तिथे पहिला प्रश्न आला, तुम्ही कुठल्या टेबलावर बसणार, भाषांतर की कोड की दस्तऐवज? ती जागा फरिश्त्यांची नाही. टोमणे तिथेही ऐकलेत. पण वर्तनाचे लेखी नियम आहेत आणि तक्रार करायची जागा आहे. भाड्याच्या खोलीच्या बाजारात मला यातलं काहीच मिळालं नव्हतं. आणि हे मेळावे काही अमेरिकेत होत नाहीत. पुणे, मुंबई, नाशिक, नागपूर, कोल्हापूर, सगळीकडे वर्डकॅम्प झालेत. ड्रुपलवाल्यांनी फेब्रुवारी २०१६ मध्ये आशियातली पहिली ड्रुपलकॉन पवईला, आयआयटी मुंबईत भरवली होती आणि ड्रुपलचा जनक ड्रीस बायटार्ट स्वतः तिथे बोलला होता. वर्डकॅम्प एशियासाठी २०२६ साली मुंबईची निवड झाली, ९ ते ११ एप्रिल. म्हणजे मधला दिवस शुक्रवार. जुम्म्याच्या वेळेला कार्यक्रमात कुठे फट ठेवायची, नमाजला कोणती खोली द्यायची, हे प्रश्न आयोजकांच्या टेबलावर आपला माणूस असेल तर वर्षभर आधी निघतात. नसेल तर आपण नंतर पोस्ट लिहितो.

तिसरं कारण सांगणारे आमचे उर्दूप्रेमी वडीलधारे. आधी उर्दूचं बघा, मराठीचं करणारे पुष्कळ आहेत. मी विचारतो, चाचा, उर्दूचंही खातं उघडून देऊ का? उजवीकडून डावीकडे जाणारी लिपी नीट बसवायला तपासनीस कायम हवे असतात. मग विषय शायरीकडे वळतो. उर्दू माझ्याही घरात आहे. दोन्ही चौकटी शेजारी शेजारी रिकाम्या आहेत, एक भरली म्हणून दुसरी पुसली जात नाही.

चौथा आक्षेप मात्र खरा आहे आणि तो बहुतेक आमच्यातले शिकलेले घेतात. तुम्ही फुकट राबणार आणि कंपन्या अब्जावधी कमावणार. सप्टेंबर २०२४ पासून जे झालं ते पाहता या बोलण्याला उत्तर द्यावंच लागतं. मुलेनवेग यांनी डब्ल्यूपी इंजिन या मोठ्या होस्टिंग कंपनीला भर मेळाव्यानंतर 'कॅन्सर' म्हटलं. तिच्या ग्राहकांच्या साइटना वर्डप्रेसच्या मध्यवर्ती ठिकाणाहून मिळणारे अपडेट तोडले. तिचं लाखो साइटवरचं एक प्लगइन ऑक्टोबरमध्ये परस्पर ताब्यात घेतलं. स्वयंसेवकांना लॉग इन करताना चौकटीत खूण करून सांगावं लागलं की माझा त्या कंपनीशी संबंध नाही. शेवटी डिसेंबरात अमेरिकी कोर्टाने मनाईहुकूम काढला. मी स्वतः त्या चौकटीत खूण करताना शरमलो होतो. मला त्या कंपनीचं प्रेम नाही, ती घेते खूप आणि देते कमी हा आरोप पोकळही नाही. पण वीस वर्षं हजारो लोकांनी उभं केलेलं सार्वजनिक दार एका माणसाच्या खिशातल्या किल्लीने बंद होतं, हे त्या दिवशी उघड झालं.

आपल्यासाठी हे नवं आहे का? मुतवल्ली मालकासारखा वागायला लागला की काय होतं, याचे दाखले शोधायला औरंगाबादकराला शहराबाहेर जावं लागत नाही. वक्फची मोक्याची दुकानं कवडीमोल भाड्यात नातलगांकडे, आणि हिशेब मागणारा तो फितूर. त्यावर आपण काय म्हणतो? वक्फच नको? नाही ना. म्हणतो की हिशेब द्या, समिती बदला. सॉफ्टवेअरच्या वक्फात तर एक जास्तीचा हक्क आहे. समिती ऐकत नसेल तर सगळं सामान उचलून शेजारी नवी इमारत उभी करता येते आणि जुनीही जागेवर राहते. जूमला तसंच जन्मलं. ऑगस्ट २००५ मध्ये 'माम्बो' बनवणाऱ्या मुख्य मंडळींचं नाव आणि नियंत्रण हातात असलेल्या कंपनीशी बिनसलं. ते उठले, कोड सोबत घेतला आणि महिन्याभरात नवं नाव घेऊन उभे राहिले. जीपीएल नसता तर घरी बसले असते. पण हेही बघा, उठून जाण्याचा हक्क कुणाला उपयोगी पडला? जे आधीपासून आत बसून काम करत होते त्यांना. बाहेरून फक्त वापरणाऱ्याला भांडणाची बातमी कळते ती साइट बंद पडल्यावर.

आपल्या संस्थांनाही दोन शब्द. समाजसेवेतलं संगणक शिक्षण म्हणजे एमएस-सीआयटीचा वर्ग आणि प्रमाणपत्र वाटपाचा फोटो, इथेच आपण वीस वर्षं अडकलोय. त्या वर्गाने नोकऱ्या लागल्या, मी नाकारत नाही. पण त्याच हॉलमध्ये, त्याच संगणकांवर, महिन्यातून एक रविवार ट्रस्टचे कागद स्कॅन करून नीट सांभाळलेल्या साइटवर चढवायला आणि ज्या सॉफ्टवेअरवर ते चढतायत त्याला चार ओळी परत द्यायला मिळाला असता, तर डिसेंबरातल्या त्या पिशव्या थोड्या हलक्या झाल्या असत्या. जलसा करायला दोन लाख निघतात. होस्टिंगचे वर्षाचे काही हजार देताना कमिटीत तीन बैठका होतात.

त्या सरांच्या साइटचं मी काय केलं ते सांगायचं राहिलं. पुसून नवी उभी केली, पैसे देऊन घेतलेली थीम नको म्हणून वर्डप्रेससोबत येणारी साधी थीम लावली. मूळ कागद सुदैवाने पेटीत होते. ते चार मुलांनी तीन दिवस बसून पुन्हा स्कॅन केले. 'नल्ड'वाला तो मुलगाही त्यात होता, मीच बोलावला होता. पडद्यावर 'मसुदा' वाचून सर खूश झाले आणि 'मुसव्वदा'वर अर्धा तास बोलले, काम तेवढं लांबलं.

त्यानंतर आम्ही रविवारी कटकट गेटजवळच्या एका अभ्यासिकेत बसायला लागलो. पहिल्या दिवशी सात जण, त्यात पाच मुली. निम्म्यांना ईमेलचा पासवर्ड आठवत नव्हता, दुपार त्यातच गेली. दुसऱ्या रविवारी बी.कॉम. करणाऱ्या एका मुलीने एका प्लगइनमधलं वाक्य दाखवलं. इंग्रजीत नावाची जागा मोकळी सोडलेली, पुढे 'लॉग्ड इन'. मराठीत कुणीतरी लिहिलं होतं, 'अमुक लॉग इन झाला'. ती म्हणाली, "सर, मी आले की मीपण 'झाला' का?" इंग्रजी क्रियापदाला लिंग नाही, मराठीला आहे, आणि लिहिणाऱ्याने सगळे वापरणारे पुरुषच धरलेले. मी 'झाला/झाली' अशी तिरकी रेघ सुचवली. तिला ते कुरूप वाटलं. थोड्या वेळाने तिनेच लिहिलं, 'अमुकने लॉग इन केले'. 'ने' लावलं की क्रियापद माणसाकडे बघत नाही. नावाला जोडून 'ने' लिहायचं, मध्ये जागा सोडायची नाही, हेही तिनेच मला सांगितलं. पंधरा वर्षं कोड लिहितोय, मला हे सुचलं नव्हतं.

तिची सूचना अजून मंजुरीच्या रांगेत आहे. मराठी तपासणारी माणसं मोजकी आहेत आणि तीही नोकरी-घर सांभाळून हे करतात, तेव्हा आठवडे लागतात, कधी महिने. गेल्या रविवारी ती तिसऱ्यांदा रांग बघून आली आणि मला म्हणाली, "सर, तपासणारं व्हायला काय करावं लागतं?"